गाडीतला वरवंटा

मला झालेला आजार तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला झाला असेल आणि रिपोर्ट अजून पिशवीतच असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "लिहा सुजाता, बाकीच्यांना धीर येईल." मॅडम चांगल्या आहेत, त्यांचं मन मोडवत नाही, म्हणून लिहायला बसले. धीराचं मात्र मला सांगता येणार नाही. जे झालं ते सांगते, त्यातून कुणाला काही घेता आलं तर घ्या.

आजाराचं नाव जीएनई मायोपॅथी. गावात अजून कुणाला ते नीट म्हणता येत नाही, सगळे "सुजाताचं ते पायाचं" एवढंच म्हणतात. स्नायू हळूहळू निकामी होत जातात, आधी पायांचे, मग बाकीचे. बरं करणारं औषध अजून तरी नाही. मी चौतीस वर्षांची आहे. लोणावळ्यात एका शाळेत खेळाची शिक्षिका होते, आणि राहते मळवलीजवळच्या भाजे गावात. मला गार्गी नावाची साडेचार वर्षांची मुलगी आहे. या आजारात मला माझ्यापेक्षा तिची भीती जास्त आहे. ती का, ते पुढं येईलच.

गाडी

गार्गी झाली तेव्हा माझं वजन चौदा किलोनं वाढलं होतं. सासूबाईंनी डिंकाचे लाडू इतके केले की बाळंतपण माझं होतं की अख्ख्या आळीचं, असा प्रश्न पडावा. मी पूर्वी जिल्ह्याच्या स्पर्धेत पळालेली बाई. आरशात बघून मला रडू यायचं आणि मग रडत रडत मी आणखी एक लाडू खायचे.

आमच्या घरामागं एक बंगला आहे, शनिवार-रविवारी तिथं पुण्याचे पाहुणे उतरतात. त्यातली एक बाई वरचेवर यायची. ती सकाळी आपल्या मुलाला तीन चाकांच्या गाडीत बसवून, गाडी ढकलत पळायची. पुढं एक मोठं चाक, मागं दोन, दांड्याला हातब्रेक आणि मनगटात अडकवायला एक पट्टा. मी गार्गीला कडेवर घेऊन फाटकाशी उभी राहून त्या बाईकडं टक लावून बघायचे. एके दिवशी ती गाडी घेऊन आमच्या दारातच आली. "आमचा आता बसत नाही यात. तुम्ही पळता ना? घ्या."

मी पळायचे, असं खरं तर म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "हो."

गार्गी तेव्हा नऊ महिन्यांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पट्ट्यात बांधून मी बाहेर पडले, तर पारावर बसलेले शेजारचे आबा म्हणाले, "सुजाता, भाजी काय आनली आज गाडीवर?"

"एकच कोबी आहे आबा, विकायचा नाही."

सासूबाई दारातून ओरडल्या, "आगं पोरीची आतडी हालत्याल त्यात." आणि संध्याकाळी त्यांनीच जुन्या लुगड्याचं चौघडी दुपटं शिवून गाडीच्या बैठकीत घातलं.

घरापासून मळवलीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, असा आमचा रस्ता ठरला. आधी चालत, मग थोडं पळत, मग सगळं पळत. गार्गी कधी झोपायची, कधी म्हशी मोजायची. मोजायची म्हणजे प्रत्येक म्हशीला बोट दाखवून "म्मा" म्हणायची. मी थांबले की मागं वळून "पल" म्हणायची. हा तिचा तिसरा की चौथा शब्द. आई, बाबा, म्मा आणि पल. वजन उतरलं, दम परत आला. त्या चार-पाच महिन्यांइतकं चांगलं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. तेव्हाही ते कळत होतं.

डाव्या पायाचा आवाज

सुरुवात आवाजानं झाली. पळताना डाव्या पायाचा फट असा आवाज यायचा, ओल्या फडक्यानं फरशीवर मारल्यासारखा. मी म्हटलं, बूट जुने झाले. नवे घेतले. नव्या बुटांचाही आवाज यायला लागला. मग सपाट रस्त्यावर अंगठा अडकून ठेच लागायला लागली. जिना चढताना चप्पल पायातून निसटून मागं राहायची. नितीन, माझा नवरा, म्हणायचा, "अगं पाय उचलून चाल की." मी म्हणायचे, "उचलतेय की." आणि मला खरंच वाटायचं की मी उचलतेय.

आता माझी चूक सांगते. ती नीट वाचा. मी खेळाची बाई. "मॅडम, जमत नाही" म्हणणाऱ्या मुलीला आणखी एक फेरी मारायला लावायची, हे काम मी आठ वर्षं केलं होतं. बाळंतपणानंतरचा अशक्तपणा आहे, व्यायामानं जाईल, असं मी स्वतःला सांगितलं आणि स्वतःलाच जादा फेऱ्या लावल्या. पुलाचा सपाट रस्ता सोडून लोहगडाकडं चढणाऱ्या रस्त्याला लागले. दहा-अकरा किलोची पोर आणि गाडी चढावर ढकलत न्यायची, पोटऱ्या पेटेपर्यंत. घरी येऊन सासूबाईंकडून तेल चोळून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. चार महिने हे केलं. या आजारात बेताचा व्यायाम चालतो, स्नायू थकेपर्यंत ओढणं चालत नाही, हे मला नंतर कळलं. त्यानं किती नुकसान झालं ते कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, विचार करू नका. मी रोज करते.

पडले ते उतारावर. डावा पंजा खाली लोंबला, रस्त्याला घासला आणि मी तोंडावर आपटले. गाडी हातातून सुटली. मनगटातला पट्टा होता म्हणून ती हातभर पुढं जाऊन थांबली, नाहीतर पुढं वळण होतं आणि वळणाच्या खाली ओढा. माझा हात खांद्यातून उपटल्यासारखा झाला. गार्गीला वाटलं, हा नवा खेळ आहे. ती टाळ्या वाजवून म्हणाली, "पल, पल."

मी रस्त्यावर पडल्या पडल्या पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मागून आलेल्या दुधवाल्यानं गाडी धरली तरी मला तो सोडता येईना. त्या दिवसापासून गार्गी माझ्याबरोबर त्या गाडीत बसली नाही. तसं कुणी ठरवलं नाही, नितीननं गाडी उचलून नुसती माळ्यावर टाकली.

"माझ्या भावाची लेक"

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि पुण्याची चिठ्ठी लिहून दिली. नितीन टाकव्याच्या कंपनीत कामाला आहे, त्यानं रजा काढून गार्गीला सांभाळलं. पुण्याला माझ्याबरोबर आत्या आल्या.

आमच्या मावळात सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, नातं असो नसो. माझ्या बाबतीत मात्र ते नातं खरं आहे. नितीनची आई माझ्या वडिलांची सख्खी बहीण. मी जन्मले तेव्हाच त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं म्हणे, की ही माझ्या घरात येणार. माझ्या वडिलांनीही आपल्या मामाचीच मुलगी केली होती. आमच्याकडं यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट पोर आपल्यात राहिली म्हणून सगळे खूश असतात. मीही होते. लहानपणापासून ज्या बाईच्या मांडीवर खेळले तिच्याच घरी नांदायला जायचं, यापेक्षा सोपं सासर कुठलं.

पुण्याचे डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी मला पलंगावर बसवलं आणि म्हणाले, "पंजा वर ओढा."

मी ओढला.

"ओढा."

"ओढतेय की."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं. मीही तेव्हा पहिल्यांदा पायाकडं नीट बघितलं. मी सगळा जीव लावून ओढत होते आणि पंजा जागचा हलला नव्हता.

मग ते विचारत गेले. आई-वडील नात्यातले? हो. कसे? मी सांगितलं. "आणि मिस्टर? ते नात्यातले?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढं झाल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माजाच ल्योक हाय, डाक्टरसायेब. ही माज्या सख्ख्या भावाची लेक. परकी न्हाई आमाला. पोटच्या पोरीवानी हाय. तुमी पाहिजेल ती तपासनी करा, आमी मागं सरनार न्हाई."

सुनेला नुसतं दवाखान्यात आणून टाकलंय, असं डॉक्टरांना वाटू नये, म्हणून त्या अभिमानानं सांगत होत्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आत्यांकडं बघितलं. मग पेन उचलून काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्या दिवशी त्यांनी काही उलगडून सांगितलं नाही, तपासण्या होऊ देत म्हणाले. येताना लोकलमध्ये आत्या शेंगा सोलून माझ्या हातात देत होत्या. "भला मानूस हाय," त्या म्हणाल्या. "नातंगोतं इचारून घेतो. आताचे डाक्टर कुटं इतकं इचारत्यात."

वॉर्डातले तीन दिवस

स्नायूचा तुकडा काढायला तीन दिवस राहावं लागलं. दुखण्यापेक्षा तिथला वेळ खायला उठतो. पहाटे पाचला ताप बघायला येतात, सहाला झाडू, सातला चहा, आणि त्यानंतर डॉक्टरांच्या फेरीची वाट. फेरी येते, पाच-सहा शिकाऊ डॉक्टर येऊन तुमचा पंजा ओढून बघतात, इंग्रजीत बोलतात आणि जातात. मला पंजाची लाज वाटायला लागली होती. चादर ओढून घ्यायचे.

वॉर्डात काम करणाऱ्या एक मावशी होत्या. दुसऱ्या दिवशी न सांगता माझ्यामागं बसल्या आणि केस विंचरायला लागल्या. "घरी कोण कोण हाय?" मी सांगितलं. "पोरगी केवढी?" सांगितलं. त्यांनी वेणी घातली, शेवटी स्वतःच्या केसांतलं रबर काढून लावलं आणि दुसऱ्या पलंगाकडं गेल्या. बरं होशील, देवावर भरवसा ठेव, असलं काही म्हणाल्या नाहीत. तिथं भेटलेल्या सगळ्या माणसांत मला त्याच जवळच्या वाटल्या.

चार गोल

रक्ताचा रिपोर्ट यायला बरेच आठवडे गेले. तो ऐकायला मी आणि नितीन गेलो. डॉक्टरांनी कागदावर गोल काढले. हे तुमचे वडील, ही आई. दोघांनाही आजार नाही, पण दोघांकडंही तो दडलेला. दोघांकडून तुमच्याकडं आला म्हणून तुम्हाला झाला. मग त्यांनी वडिलांच्या शेजारी आणखी एक गोल काढला. "या तुमच्या आत्या. यांच्याकडं असू शकतो, नसूही शकतो." त्याच्या खाली चौथा गोल. "हे तुमचे मिस्टर."

नितीननं विचारलं, "माझ्याकडं असला तर?"

"तुम्हाला काही होणार नाही."

"मुलीला?"

डॉक्टरांनी पाचवा गोल काढलाच नाही. "आधी तुमची तपासणी करू," म्हणाले.

पुढचे आठवडे आम्ही कसे काढले ते लिहिता येत नाही. मी मनातल्या मनात बोलणी करायचे. माझे दोन्ही पाय जाऊ देत, हात जाऊ देत, पण नितीनचा रिपोर्ट कोरा येऊ दे. कुणाशी बोलत होते कोण जाणे.

तो कोरा आला नाही. नितीनकडं तोच दोष होता. म्हणजे गार्गीला हा आजार असण्याची शक्यता निम्मी, छापा की काटा. मी लगेच म्हटलं, तिची तपासणी करा. डॉक्टर नाही म्हणाले. औषध नाही, आत्ता कळून करायचं काही नाही, आणि हे कळून घ्यायचं की नाही हा हक्क तिचा आहे. ती सज्ञान झाली की तिला विचारा. हा आजार लहानपणी दिसत नाही. विशी उलटल्यावर कळेल.

"तोपर्यंत आम्ही काय करायचं?"

"वाढवा तिला," ते म्हणाले. "बाकी सगळे वाढवतात तशी."

मला त्यांचा इतका राग आला की नमस्कार न करता मी बाहेर पडले. आता वाटतं, त्यांच्याकडं तरी दुसरं काय होतं सांगायला.

मी बोलले ते

घरी आत्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. नितीननं त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांना समजायला दोनदा सांगावं लागलं. मग सूप थांबलं. "म्हंजी ते माज्याकडनं आलं व्हय?"

नितीन म्हणाला, "तसं नाही आई." मी म्हणाले, "तसंच आहे. तुम्हीच मागितलंत मला. जन्मल्या जन्मल्या मागितलंत."

हे मी बोलले. ज्यांनी माझे पाय चोळले, मला लाडू घातले, गार्गीची धुणी धुतली, त्यांना बोलले. त्या म्हणाल्या, "व्हय. मीच मागितली." आणि सूप घेऊन आत गेल्या.

त्यानंतर घरात दीड महिना कुणी कुणाशी धड बोललं नाही. आत्या जेवायला सगळ्यांच्या नंतर बसायच्या, एकट्या. नितीन कंपनीत जादा वेळ थांबायला लागला. माझे वडील फोनवर सगळं ऐकून घेऊन "बरं" म्हणाले आणि महिनाभर आमच्याकडं फिरकले नाहीत. दोष कुणाचाच नव्हता हे सगळ्यांना कळत होतं. त्याचा उपयोग काही झाला नाही. आजार पायात असतो, पण घरातली प्रत्येक भिंत चाचपून बघतो, याची तयारी ठेवा.

वरवंटा

फिजिओच्या मॅडमनी पायात घालायला प्लास्टिकची पट्टी दिली आणि सांगितलं, रोज थोडं चाला, सपाटीवर, थकायच्या आधी थांबा, आणि हाताला काहीतरी आधार हवा. दवाखान्यातला वॉकर आणून बघितला. त्याची एवढीएवढी चाकं आमच्या रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात बसली. मग मी नितीनला गाडी माळ्यावरून काढायला लावली. मोठी चाकं, उंच दांडा, हातब्रेक. आता आधारासाठी तीच.

पहिल्या दिवशी अंगणातून ती ढकलत निघाले, तर आत्या आडव्या आल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा त्या आपणहून माझ्याशी बोलल्या. "थांब. रिकामी गाडी ढकलू न्हाई."

रिकामा पाळणा हलवायचा नाही, बाळाला बाधतं, हे आमच्याकडं सगळेच मानतात. पण मी त्या दिवशी काही मानायच्या अवस्थेत नव्हते. म्हटलं, "आत्या, आता आणखी काय बाधायचं राहिलंय?"

त्या आत गेल्या आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आल्या. पदरानं पुसला, गार्गीच्या जागेवर दुपट्यात आडवा ठेवला आणि पोरीला बांधतात तसा पट्टा लावला. गार्गीच्या बारशाला पाळण्याखालून-वरून फिरवला होता तोच वरवंटा. तेव्हा त्याला बाळासारखी कुंची घातली होती.

"जा आता," म्हणाल्या.

मी दांड्यावर भार दिला आणि लक्षात आलं, गाडी पुढून उचलली जात नाही, डगमगत नाही. रिकामी होती तेव्हा ती हलकी असल्यानं माझ्या वजनानं मागं उलटत होती. आता वरवंट्यानं तिला बूड आलं होतं. मॅडमना दाखवलं तेव्हा त्यांनी मान डोलवली, कुणी सुचवलं म्हणाल्या. मी म्हटलं, सासूनं.

तेव्हापासून रोज सकाळी मी वरवंट्याला फिरवून आणते. परत आले की आत्या तो काढून धुतात, ठेचा वाटतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत. गाडीला कायमचा लसणीचा वास लागला आहे. मी बोलले त्याची माफी मागितलेली नाही. त्यांनीही कधी काढलं नाही.

आबा पारावर असतात. मला वाटलं होतं वरवंटा बघून ते काहीतरी बोलतील, निदान छिन्नीनं टाकी लावून देऊ का विचारतील. ते मला येताना बघून पाय आखडून घेतात आणि दुसरीकडं बघतात. त्यांनी चेष्टा केली असती तर मला बरं वाटलं असतं.

सध्या

दोन वर्षं झाली. उजवा पंजाही गेला आहे. शाळेनं मला आधी ऑफिसात बसवलं, मग मीच सोडलं. मैदानावरच्या शिट्ट्या ऐकत हजेरीपटावर सह्या करणं मला झेपेना. पूर्वी मळवलीच्या पुलापर्यंत जात होते, आता पारापर्यंत जाते आणि वळते. जमिनीवर बसले तर उठता येत नाही, म्हणून लग्नाकार्याला जाणं बंद केलं. ओल्या मोरीला भ्या. भिंतीत दांडा बसवून घ्या, आजच, पडल्यावर नको. गेल्या महिन्यापासून हातब्रेक दाबताना बोटं कमी पडतात. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. त्यांना माहीत आहे पुढं काय आहे, मलाही आहे.

काही लोक म्हणतात, सकारात्मक राहा. मी राहून बघितलं. त्यापेक्षा सकाळी चालून येणं जास्त उपयोगाचं आहे.

गार्गी आता गाडीच्या बाजूनं पळते. पुढं जाते, मागं येते. ती पळते तेव्हा मी तिचा चेहरा बघत नाही. आठ वर्षं मी मुलींच्या पायांकडंच बघितलं आहे. कोण कसं टेकवतं, कुणाचा पाय आत वळतो, मला लांबून कळायचं. आता तेच डोळे मी माझ्या मुलीवर लावून बसते. तिला ठेच लागली की मला दगड दिसत नाही. आजार लहानपणी दिसत नाही हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, मी तीनदा ऐकलं. तरी बघते. ती विशीची होईपर्यंत असंच बघायचं आहे, आणि तोपर्यंत मी कुठल्या खुर्चीत असेन ते मला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात अंगणवाडीच्या बाईंनी नितीनला थांबवून विचारलं, गार्गीच्या पायाला काही लागलंय का, ती विचित्र चालते. नितीननं घरी येऊन ते सांगितलं. आत्या चुलीपुढून उठून दारात आल्या. गार्गी अंगणात होती. मी तिला हाक मारली, "ये बरं माझ्याकडं."

ती आली. गुडघा वर उचलत, पाऊल सोडत, फट. गुडघा वर, फट. हुबेहूब माझी चाल.

मी कसंबसं विचारलं, "गार्गी, पाय दुखतो का?"

"नाही."

"मग असं का चालतेस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "चालतात ना असं," ती म्हणाली. "तू चालतेस तसं."

नितीन मटकन पायरीवर बसला. हसला की रडला, मी बघितलं नाही. मला आधी हायसं वाटलं. मी म्हटलं, "असं नाही चालायचं बाळा. आधी टाच टेकवायची, मग पंजा. गुडघा एवढा उचलायचा नाही."

"दाखव ना."

आयुष्यात किती मुलींना मी हे दाखवलं असेल. मी गाडीचा दांडा धरून उभी होते. गार्गी माझ्या पायांकडं बघत वाट बघत होती.

"दाखव ना, आई."

आत्यांनी हातातलं उलथनं पायरीवर ठेवलं. साडी थोडी वर खोचली आणि अनवाणी अंगणात उतरल्या. "हिकडं बग," त्या म्हणाल्या. "आशी टाच. मग पंजा. टाच, पंजा. तुजी आई लहान हुती तवा आशीच चालायची."

त्या पुढं आणि गार्गी मागं, तुळशीपर्यंत गेल्या आणि वळल्या. टाच, पंजा. मी आत्यांचे पाय बघितले, मग गार्गीचे. गार्गीचा डावा मी परत एकदा बघितला.